कोरडा तळ

माझा भाऊ चाळिशी ओलांडून गेला तरी घरात त्याला बाळच म्हणतात. त्याला दोन मुलं आहेत, डोक्यावर टक्कल पडायला लागलंय, ऑफिसात त्याच्या हाताखाली माणसं आहेत. पण बाबांनी हाक मारली की तो बाळ. मला बाबा मुकादम म्हणतात. हे नाव मला बोटीवर पडलं, मी शाळेत असताना, आणि ते कौतुकाने पडलंय असं मी बरीच वर्षं समजत होते.

बोट बाबांची. जुनी, लाकडी, शिडाची, आत चार माणसं पाय दुमडून झोपतील एवढी. बाळ तिला यॉट म्हणतो. चारचौघांत 'आमची यॉट' म्हटलं की त्याची छाती फुगते. मी बोटच म्हणते. जिच्या पोटाखाली उताणं पडून, डोळ्यांत चुरा झेलत जिला घासावं लागतं, तिला यॉट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हिवाळाभर ती समुद्राकाठच्या यार्डात, पत्र्याच्या शेडमध्ये टेकूंवर उभी असते. थंडी ओसरायला लागली की दर सुट्टीला मी तिथे जाते. ताडपत्री काढायची, आतली बुरशी पुसायची, तळाचा जुना रंग खरवडायचा, घासायचा, शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो जहाल वासाचा रंग नव्याने लावायचा. वरच्या लाकडाला व्हार्निशचे हात द्यायचे, दोर तपासायचे, शिडांना उसवलं असेल तिथे टाके घालायचे, डोलकाठीच्या तारा एकेक करून चाचपायच्या. घरी येते तेव्हा केसांतून निळा चुरा पडतो आणि खांदे असे भरून आलेले असतात की कंगवा धरवत नाही.

मग उन्हाळा लागतो, बोट पाण्यात जाते आणि बाळ येतो. पांढरे बूट, नवा गॉगल, मागे बायकोमुलं आणि ऑफिसातले चार-दोन लोक. सुकाणूवर बाळ, त्याच्या शेजारी बाबा, आणि मी खाली स्टोव्हपाशी वाकून सगळ्यांचा चहा करत. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण दर वर्षी तसंच व्हायचं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर बोट पाण्याबाहेर काढली, त्या दिवशी मी बाबांना विचारलं. किती वर्षं मनात घोळत होतं, धीर त्या दिवशी झाला.

"बाबा, पुढच्या उन्हाळ्यात पहिला महिना मला बोट हवी. बेटांपर्यंत जाऊन यायचंय. एकटीला."

बाबा थर्मासचं झाकण फिरवत होते. ते थांबले. "एकटीला?"

"एकटीला. तुम्ही नाही, बाळ नाही, पाहुणे नाहीत."

त्यांनी झाकण घट्ट लावून थर्मास खाली ठेवला. मग म्हणाले, "घे. पहिला महिना तुझा. बाळाला मी सांगतो."

पन्नाशीला आलेल्या बाईने एवढ्यावर हुरळून जाऊ नये, पण मी गेले. मी एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते. साठलेली सगळी रजा मी एकदम मागितली आणि मालकाने आढेवेढे घेत का होईना, मंजूर केली. घरी जेवायच्या टेबलासमोर भिंतीवर बेटांचा नकाशा चिकटवला आणि हिवाळाभर त्याच्याकडे बघत एकटी जेवले. कुठल्या खाडीत नांगर टाकायचा, गोडं पाणी कुठे मिळतं, वारा फिरला तर आडोसा कुठे घ्यायचा, सगळं तोंडपाठ झालं. लग्न मोडल्यापासून मी कशाचीच इतकी वाट पाहिली नव्हती.

बाबांचे गुडघे आता गेलेत. शेडमध्ये ते घडीची खुर्ची टाकून बसतात आणि तिथून माझ्यावर नजर ठेवतात. "ब्रश उभा मार. आता आडवा. डावीकडे ओघळ आलाय, दिसत नाही का?" त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. एका वर्षी व्हार्निशच्या शेवटच्या हातात एक चिलट चिकटलं. एक चिलट! बाबांनी तो अख्खा हात घासून काढायला लावला. मी तेव्हा कॉलेजात होते, मैत्रिणी सहलीला गेल्या होत्या आणि मी पॉलिश पेपर घेऊन रडत घासत होते. "रडून काय होणार?" बाबा म्हणाले. "बोटीला चूक चालत नाही." मी डोळे पुसले आणि पुन्हा व्हार्निश लावलं. मनातून मला अभिमानच वाटला, की बाबा मला शिकवतायत. बाळाला ते कधी असं राबवत नसत. त्याला काही जमणार नाही असं त्यांनी ठरवून टाकलंय, अशी माझी समजूत होती.

त्यांनी मला सगळ्यात पक्का शिकवलेला धडा शिवणींचा. लाकडी बोटीचा तळ म्हणजे एकीला एक लावून बसवलेल्या लांब फळ्या. दोन फळ्यांमधल्या फटीला आम्ही शिवण म्हणतो. तिच्यात कापसाची वात ठोकून बसवतात आणि वरून मऊ लुकण भरतात. हिवाळ्यात शेडमध्ये लाकूड सुकतं, आकसतं आणि शिवणी उघडतात. बोट पाण्यात गेली की लाकूड पाणी पितं, फुगतं, जास्तीचं लुकण बाहेर ढकलतं आणि शिवणी आपोआप मिटतात. म्हणून लाकडी बोट पहिल्या दिवशी गळते. गळायलाच हवी. तिला क्रेनच्या पट्ट्यांत टांगलेलीच ठेवायची, पंप चालू ठेवायचा आणि शेजारी बसून राहायचं. बाबा म्हणायचे, "पिऊ दे तिला." शिवणीत कडक होणारं काही भरलं तर फुगणाऱ्या फळ्यांना जागाच उरत नाही, त्या एकमेकींना रेटतात आणि त्यांना आतून धरून ठेवणाऱ्या लाकडी बरगड्या मोडतात. हे बाबांनी मला मी फ्रॉकमध्ये असताना सांगितलं आणि त्यानंतर दर वर्षी नव्याने सांगितलं, जणू मागच्या वर्षीचं मी विसरले असेन.

यंदा काम झपाट्याने चाललं होतं. जीव ओतून करत होते, का नाही करणार? सुटलेलं जुनं लुकण खरवडून झालं, नवं भरायचं आणि तळ रंगवायचा एवढंच राहिलं, आणि नेमकी लॅबमध्ये माझ्या बरोबरीची बाई आजारी पडली. लांब रजा हवी असेल तर आधी तिचं काम उरक, असं मालकाने सुनावलं. शनिवार-रविवारही कामावर. इकडे क्रेनवाल्याने पाण्यात उतरवायची तारीख दिलेली, आणि ती हुकली की हंगामाच्या गर्दीत पुन्हा नंबर कधी लागेल याचा नेम नाही. मी फोनवर बाबांपुढे हे रडगाणं गात होते, तेव्हा बाळ त्यांच्या घरीच होता.

"ताई, मी करतो की," बाबांच्या मागून त्याचा आवाज आला आणि फोन त्याने घेतला.

"तू?"

"का? मला हात नाहीत? दर वर्षी तूच मरमर मरतेस. आता पहिल्यांदा स्वतःसाठी कुठे निघालीयेस, तर एवढं तरी करू दे मला."

खरंच सांगते, मला भरून आलं. मी त्याला सांगायला लागले, की डबा शेडमध्ये डावीकडच्या फडताळात आहे, आधी वात बघायची, मग... तेवढ्यात बाबांनी फोन आपल्याकडे घेतला.

"मी आहे ना तिथे," ते म्हणाले. "खुर्चीत बसून सांगतो त्याला सगळं. तू तुझे दात सांभाळ."

आम्ही तिघंही हसलो. बाबांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला उत्साह होता.

मी यार्डात गेले ती एकदम बोट उतरवायच्या आदल्या दिवशी. तळ निळाभोर झाला होता आणि इतका गुळगुळीत, की एक फळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळू नये. दर वर्षी माझ्या रंगाखालून शिवणींच्या पुसट रेषा दिसतात. मी तळहात फिरवून बघितला.

"शिवणी दिसतच नाहीयेत रे."

"मशीन आणलं होतं घासायला," बाळ म्हणाला. "हे बघ." त्याने दोन्ही तळहात पुढे केले. फोड येऊन फुटले होते, एकावर पट्टी होती. शाळेत पहिला नंबर आल्यावर प्रगतिपुस्तक दाखवावं तसे त्याने ते हात धरले होते.

"लुकण डब्यातलंच भरलंस ना?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत शेडबाहेर गेला. उत्तर बाबांनी दिलं. "सगळं व्यवस्थित झालंय. मी होतो ना इथे."

मला तेवढं पुरलं. बाबा बोटीच्या बाबतीत खोटं बोलतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. त्या दुपारी यार्डात जो येईल त्याला बाबा थांबवून सांगत होते, "हा सगळा तळ बाळाने केला बरं का. एकट्याने." फाटकावरचा पहारेकरी, शेजारच्या बोटीचा मालक, क्रेनवाला, कुणी सुटलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल त्यांनी असं कुणाला सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. मला ते लागलं. मग माझीच मला लाज वाटली, की भाऊ हाताला फोड आणून राबला आणि आपण कसले हिशेब करतोय. मी मुकाट्याने दोर आणि शिडं बोटीवर चढवली. खाण्याचे डबे, दिवे, माझी अंथरुणाची वळकटी, सगळं जागच्या जागी लावलं. रजा सोमवारपासून होती. बुधवारपर्यंत बोट पाणी पिऊन घेईल आणि गुरुवारी सकाळी मी निघेन, असं मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी क्रेनवाल्याने पट्टे घातले, बोट अलगद उचलली आणि धक्क्याशेजारी पाण्यात टेकवली. बाबा खुर्चीत, बाळ टाळ्या वाजवतोय, भावजय फोटो काढतेय, मुलं धक्क्यावर धावतायत. मी पंपाची नळी घेऊन आत उतरले, पायाखालच्या फळ्या उचलल्या आणि बॅटरी मारली.

तळ कोरडा होता.

मी वाट पाहिली. दर वर्षी इतक्या वेळात पाणी झिरपायला लागतं, फळ्यांवरून बारीक धारा उतरतात आणि मी वर ओरडून बाबांना सांगते. या वेळी आत धूळ होती. मी पुढच्या टोकाला गेले, मागे आले, शिवणींवरून हात फिरवला. हाताला ओलसुद्धा लागली नाही.

"काय गं ताई, किती पाणी?" बाळाने वरून विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"किती?"

"अजिबात नाही."

वर एकच जल्लोष झाला. "एक थेंब नाही! बाबा, ऐकलंत? एक थेंब नाही!" सबंध हिवाळा सुकलेली लाकडी बोट, आणि थेंबभर पाणी नाही. मी वर आले.

"बाळ, शिवणींत काय भरलंस तू?"

"का? काय झालं?"

"सांग ना. डब्यातलं मऊ लुकण, की दुसरं काही?"

"ते कसलं लुकण, दाबलं की खड्डा पडत होता," तो म्हणाला. अजून हसतच होता. "मी म्हटलं, ताई एकटी जाणार त्या बेटांना, मध्येच गळायला लागली तर? दुकानातून इपॉक्सी आणलं, दोन डबे मिसळून लावायचं ते. भारीतलं. दगड होतो त्याचा. दुकानदार म्हणाला, जन्मात हलणार नाही."

मी बाबांकडे बघितलं. ते थर्मासकडे बघत होते. त्या क्षणी मला सगळं कळलं. खुर्ची शिवणींपासून चार हातांवर, आणि ज्यांना चिलट दिसतं त्यांना इपॉक्सीचे दोन डबे दिसले नसतील होय?

"बाबा, बोट वर घ्यायला सांगा. आत्ताच्या आत्ता. लाकूड अजून फुगलेलं नाही. शिवणी पुन्हा कापून काढता येतील."

क्रेनवाला खटक्यावर हात ठेवून उभा होता. "वर घेऊ, की पट्टे सोडू? मालकांनी सांगावं. मागे दुसरी बोट थांबलीय."

"म्हणजे मी केलं ते सगळं काढणार?" बाळाचं हसू आता मावळलं. "पाणी येत नाहीये, ताई. पाणी येत नाही म्हणून तू तक्रार करतेयस! तुला काय, मी केलेलं काहीच बघवत नाही का?"

"तसं नाही रे. लाकूड फुगणार आहे, त्याला जागाच नाही ठेवलीस तू..."

"ताई, हाताला फोड आलेत हो त्यांच्या," भावजय हळूच म्हणाली.

"मला दिसतायत फोड! बाबा, तुम्ही सांगा त्याला. तुम्हीच शिकवलंय ना मला हे? सांगा."

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, बाळाकडे बघितलं. बाळ ओठ मुडपून उभा होता, लहानपणी पतंग कटल्यावर उभा राहायचा तसाच.

"राहू दे," बाबा म्हणाले.

"बाबा!"

"एवढ्याने काही होत नाही. राहू दे म्हटलं ना." मग क्रेनवाल्याला, "सोडा पट्टे."

क्रेनवाल्याने माझ्याकडे एकदा बघितलं, खांदे उडवले आणि पट्टे सोडले. बोट धक्क्याला बांधली. क्रेन दुसऱ्या बोटीकडे गेली. बाळाने डेकवर बाटली उघडली, सगळ्यांना ग्लास दिले, मलाही दिला. "चल, सोड आता राग," म्हणाला. मी ग्लास घेऊन खाली जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते. उन्हं कलली तेव्हा लाकूड पहिल्यांदा कुरकुरलं. वर गप्पा चालल्या होत्या, कुणाला ऐकू गेलं नाही. मग बाबांना घरी सोडायची वेळ झाली, आणि ते काम नेहमी माझंच असतं.

सकाळी यार्डातून पहारेकऱ्याचा फोन आला, की तुमच्या बोटीचा पंप थांबतच नाहीये. मी पोचले तेव्हा बोट पाण्यात खोल बसली होती आणि पंपाची धार अखंड पडत होती. आत उतरले. पायाखालच्या फळ्या तरंगत होत्या. एका बाजूच्या जवळजवळ सगळ्या बरगड्या मध्येच मोडल्या होत्या. एकीवर हात ठेवला तर तिची मोडलेली टोकं हाताखाली सरकली. मी तशीच पाण्यात उभी राहून रडले. रागाने रडले, आणि बोटीसाठीही.

क्रेनने तिला वर घेतलं तेव्हा कुशीतून एक फळी हातभर बाहेर आलेली दिसली. बाळाने भरलेलं इपॉक्सी मात्र जसंच्या तसं होतं. दुकानदाराने सांगितलं होतं तसं ते हललं नव्हतं. यार्डातल्या सुताराने बॅटरी घेऊन आत-बाहेर बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "हा उन्हाळा विसरा," तो म्हणाला. "बरगड्या नव्याने वाकवून बसवायच्या, फळ्या बदलायच्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झालं तर नशीब समजा. नाहीतर हिला मोडीत काढा." एवढं बोलून तो आपल्या कामाला गेला.

बाळ धावतपळत आला. बोट बघितली आणि एका पालथ्या बादलीवर मटकन बसला. "मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "कुणीतरी सांगायचं ना मला." तो हुंदके देऊन रडायला लागला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. रात्रभर मी वाक्यं जुळवत होते. पण तो खरं बोलत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला बसलेला माणूस सांगायचं सोडून त्याच्याकडे कौतुकाने बघत बसला होता.

बाबा खुर्चीतून उठले. काठी न घेता, त्या गेलेल्या गुडघ्यांनी, चालत बाळापर्यंत गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"होतं असं, बाळ. काम करणाऱ्याच्याच हातून चुका होतात. त्यातूनच येतं सगळं. मनाला लावून घेऊ नकोस."

ते हे इतक्या मायेने म्हणाले, की माझ्या अंगाचा भडका उडाला. असा आवाज त्यांना काढता येतो हे मला ठाऊकच नव्हतं.

बाळाला त्यांनी समजूत घालून घरी पाठवलं. शेडमध्ये आम्ही दोघं उरलो. तळातून अजून पाणी ठिबकत होतं. बाबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

"बाबा, तो काय कालवतोय ते तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसलं."

"मग?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पहिल्यांदा हात लावला होता गं त्याने. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सकाळी माझ्या आधी तयार होऊन बसायचा. काम करता करता माझ्याशी बोलायचा, लहानपणचं, आईचं, कायकाय. त्याला कुठल्या तोंडाने सांगू की बाबा रे, हे सगळं चुकलंय, खरवडून काढ? पुन्हा फिरकला नसता तो. मला वाटलं, निभावून जाईल."

"आणि मी विचारलं तेव्हा? मी होतो ना इथे, म्हणालात."

"तू लगेच काढायला लावलं असतंस."

"मी काढलं असतं. माझ्या हाताने. त्याला कळूही दिलं नसतं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आणि काल? क्रेन उभी होती, बाबा. तुम्ही नुसतं हो म्हणायचं होतं. माझ्या महिन्याचा एकदा तरी विचार आला का मनात?"

"तुझं काय गं," ते म्हणाले, "तू समजूतदार आहेस. तू पुढच्या वर्षी जाशील."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. "बाबा, मला तुम्ही एकदा तरी चुकू दिलंत का हो? एकदा तरी?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. त्यांनी खरोखर विचार केला, हे मला त्यांच्या कपाळावरून दिसत होतं. टाळण्यासाठी ते काहीतरी बोलले असते तर मला सोसलं असतं.

"तुला?" ते म्हणाले. "तुला कसं चुकू देणार? बोट बिघडली असती ना."

आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते मान वर करून बाहेर आलेल्या त्या फळीकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत कामाचं गणित सुरू झालं होतं. "तुझी रजा आहेच हा महिना," ते म्हणाले. "वाया घालवू नकोस. सोमवारपासून बरगड्यांना लाग. इपॉक्सी आधी काढावं लागेल, ते छिन्नीने, हळूहळू, फळीला धक्का न लावता."

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी ते ऐकलं नाही. छिन्नी कशी धरायची ते सांगत राहिले.